मेसेजमध्ये ‘आँ?’ म्हणता येत नाही

स्मार्टफोनमुळे माणसांचं बोलणं सुधारलं की बिघडलं, हा वाद बहुधा ठरलेल्या वळणांनी जातो. एक जण म्हणतो, घरात चार माणसं असून चौघांच्याही माना खाली. दुसरा म्हणतो, ज्यांच्याशी वर्षातून एकदा बोलणं व्हायचं त्यांच्याशी आता रोज होतं. दोघांचंही खरं, त्यामुळे वाद तिथेच अडतो. मला वाटतं, त्याआधीचा प्रश्न विचारायला हवा: दोन माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा नेमकं काय चालू असतं? ते एकदा नीट पाहिलं की मेसेज त्यातलं काय पोहोचवतो आणि काय वाटेत सांडतो, हे ओळखणं फार अवघड राहत नाही.

आधी वेग पाहू. २००९ साली भाषाशास्त्रज्ञांच्या एका गटाने दहा भाषांतल्या रोजच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जपानी, कोरियन, डॅनिश, इंग्रजी अशा मोठ्या भाषा त्यात होत्या आणि अगदी छोट्या समाजांच्या भाषाही. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, असं दिसलं. भाषेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण फार नाही. गंमत म्हणजे एखाद्या वस्तूचं चित्र पाहून तिचं नाव तोंडातून बाहेर पडायलाच याच्या तिप्पट वेळ जातो. याचा अर्थ समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपण ते कुठे संपणार हे ताडलेलं असतं आणि आपलं उत्तरही जुळवायला घेतलेलं असतं. हे आपण दिवसभर करतो आणि करतो आहोत हे आपल्या लक्षातही येत नाही.

इतकी घट्ट लय असली की तिच्यातली फटही बोलते. ‘उद्या येशील ना?’ असं विचारल्यावर समोरचा सेकंदभर गप्प राहिला, तर विचारणाऱ्याला नकार ऐकू येतो. होकार चटकन येतो आणि नकाराला जरा उशीर लागतो, हे संभाषणांच्या मोजमापातूनही दिसलेलं आहे. मग तो ‘हो, येतो की’ म्हणाला तरी विचारणारा लगेच म्हणतो, ‘जमणार नसेल तर राहू दे हं.’ एक अडचण निघाली, ओळखली गेली, तिच्यावर तोडगाही निघाला आणि या सगळ्याला दोन-तीन सेकंदही लागले नाहीत.

दुसरी गोष्ट मला वेगापेक्षाही महत्त्वाची वाटते. ती म्हणजे दुरुस्ती. २०१५ साली मार्क डिंगेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा भाषांतली नैसर्गिक संभाषणं तपासून पाहिलं, की माणसं एकमेकांना किती वेळा अडवतात. ‘आँ?’, ‘कोण?’, ‘म्हणजे आज संध्याकाळी?’ अशा पद्धतीने. उत्तर निघालं, सरासरी दर १.४ मिनिटांनी एकदा. मिनिट-दीड मिनिटात कुणाला तरी काहीतरी ऐकू आलेलं नसतं, कळलेलं नसतं किंवा भलतंच कळलेलं असतं. तो विचारतो, दुसरा सांगतो आणि गाडी पुढे जाते. यात ‘हं’, ‘बरं’, मान हलवणं, भुवई उंचावणं या बारीक खुणा धरलेल्याच नाहीत. त्या तर अखंड चालू असतात.

म्हणजे साधं गप्पा मारणं हे मुळात चुकत-सुधारत जाण्याचं काम आहे. आपण नेमकं बोलतो म्हणून समोरच्याला कळतं, हा आपला समज जरा उदारच आहे. बऱ्याचदा आपण अर्धवट बोलतो आणि उरलेलं समोरचा प्रश्न विचारून, चेहरा करून आपल्याकडून काढून घेतो. हर्बर्ट क्लार्क आणि सुझन ब्रेनन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हे फार नेटकेपणाने मांडलं: बोलणारा आणि ऐकणारा मिळून सतत खात्री करत असतात, की ‘आपल्या दोघांनाही हे सारखंच कळलं ना, मग पुढे जाऊ’. ही खात्री करायला किती कष्ट पडतात, हे साधनावर अवलंबून असतं. समोरासमोर ती जवळजवळ फुकट मिळते. लिहून करायची तर महाग पडते.

मेसेजचं दुखणं इथेच आहे. समोरासमोर ‘आँ?’ म्हणायला एक श्वास पुरतो. मेसेजमध्ये तेच विचारायचं तर थांबा, टाइप करा, पाठवा, उत्तराची वाट पाहा. शिवाय लिहिलेलं ‘म्हणजे?’ हे निरागस विचारणं आहे की चढा आवाज, हा नवा प्रश्न. मग माणूस काय करतो? विचारतच नाही. जो अर्थ मनात येतो तोच खरा धरून पुढे जातो. गैरसमज समोरासमोरही होतातच. फरक इतकाच की तिथे ते काही सेकंदांत उघडे पडतात आणि मेसेजमध्ये तीन दिवस तसेच मुरत राहतात.

आणि उशीर? समोरासमोर एका सेकंदाच्या शांततेत अर्थ वाचायची सवय लागलेला मेंदू मेसेज वाचतानाही तोच असतो. मेसेजला उत्तर न येण्याची शंभर कारणं असू शकतात. माणूस गाडी चालवत असेल, झोपला असेल, वाचून ‘नंतर नीट लिहितो’ म्हणून विसरला असेल. आपल्याला हे माहीत असतं. तरी आतून वाटतं ते ‘टाळतोय’ असंच. व्हॉट्सअ‍ॅपने नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या टिक आणल्या आणि या संशयाला पुरावाच मिळाला: वाचलंय, तरी गप्प आहे. तेव्हा इतकी कुरकुर झाली की थोड्याच दिवसांत ही सोय बंद करायचा पर्याय द्यावा लागला. मला त्या निळ्या टिक हा फार अर्धवट शोध वाटतो. ‘मेसेज उघडला’ एवढंच त्या सांगतात आणि आपण त्यातून ‘मनावर घेतला नाही’ इथपर्यंत पोहोचतो.

खरं तर हे साधन भांडणं आणि रुसवेफुगवे वाहून नेण्यासाठी घडलेलंच नव्हतं. एसएमएसची लांबी १९८० च्या दशकात ठरली तेव्हा मोबाइल यंत्रणेच्या स्वतःच्या कामकाजासाठी राखलेल्या वाहिनीत जी थोडी जागा शिल्लक होती, ती वापरायची असा विचार होता. ती जागा १४० बाइट. रोमन लिपीत तेवढ्यात १६० अक्षरं बसतात. देवनागरीला प्रत्येक खुणेमागे दुप्पटीहून जास्त जागा लागते, म्हणून आपल्या वाट्याला फक्त ७० येतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजली जाते! ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने नाताळच्या शुभेच्छांचा पहिला एसएमएस पाठवला, तोही संगणकावरून. सुरुवातीच्या काळात या सोयीचं एक मुख्य काम होतं, ‘तुमच्यासाठी व्हॉइसमेल आला आहे’ अशी वर्दी देणं. वर्दी द्यायच्या साधनावर आज माणसं लग्नं जुळवतात, मोडतात, माफी मागतात. त्यामुळे कुरबुरी होतात याचं नवल नाही. होऊनही इतकं निभतं याचंच नवल आहे.

आता सूर. ‘लिहिण्यात सूर कळत नाही’ हे सगळेच म्हणतात. पण खरी अडचण त्याहून एक पायरी खोल आहे: सूर वाटेत हरवला आहे, असं लिहिणाऱ्याला वाटतच नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली केलेला प्रयोग पाहा. लोकांना काही वाक्यं दिली, काही मनापासूनची आणि काही उपरोधाची. ती कधी ईमेलने पाठवायची, कधी आवाजात सांगायची. सांगणाऱ्यांचा अंदाज होता की दोन्ही प्रकारांत ७८ टक्के वेळा समोरच्याला आपला रोख कळेल. आवाजात तो ७३ टक्के वेळा कळला, म्हणजे अंदाज फारसा चुकला नाही. ईमेलमध्ये मात्र ५६ टक्के. दोनच पर्याय असताना डोळे मिटून नाणं उडवलं तरी ५० टक्के उत्तरं बरोबर येतात. आणि वाचणाऱ्यांनाही आपण बरोबरच ओळखलं अशी खात्री होती!

असं का होतं, हे एलिझाबेथ न्यूटन यांच्या १९९० च्या प्रयोगात छान दिसतं. त्यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला आणि ऐकणाऱ्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. मेसेज लिहिणाराही आपल्या डोक्यात आपलाच आवाज ऐकत लिहितो. ‘वा, छान’ लिहिताना त्याला स्वतःचं हसू ऐकू येत असतं आणि वाचणाऱ्याला टोमणा दिसतो.

याच विषयात एक आकडा फार फिरतो: संवादात शब्दांचा वाटा अवघा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत तर हा हमखास असतोच. मूळ अभ्यास अल्बर्ट मेहरेबियन यांचा, १९६७ चा आणि अतिशय मर्यादित. सुटे शब्द, त्यातही शब्द आणि सूर एकमेकांच्या विरुद्ध असले तर माणूस बोलणाऱ्याच्या भावनेबद्दल कशावर विश्वास ठेवतो, एवढंच त्यात तपासलं होतं. सगळ्या संवादाला हा आकडा लावू नका, असं स्वतः मेहरेबियन सांगत आले. शब्दांचा वाटा खरोखर ७ टक्के असता, तर अनोळखी भाषेतलं भाषणही आपल्याला ९३ टक्के कळायला हवं होतं.

सूर हरवतो हे माणसांना कळत नव्हतं असं नाही. त्यांनी त्यावर उपाय शोधले आणि या उपायांचा मला मनापासून आदर वाटतो. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी सुचवलं, की गमतीने लिहिलेल्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस टाकून आडवा हसरा चेहरा करा. कारण तिथल्या संगणकीय सूचनाफलकावर लोक विनोद खरे मानत होते. १९९९ मध्ये जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी मोबाइलसाठी १७६ छोट्या चित्रांचा संच केला, प्रत्येक चित्र १२ गुणिले १२ ठिपक्यांचं. आजचे इमोजी या घराण्यातले. मात्र इमोजीने प्रश्न पूर्ण सुटत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की एकच चित्र पाहून ते आनंदाचं, दुःखाचं की मधलं, यावर साधारण चारातल्या एका वेळी लोकांचं एकमत होत नाही. त्यात वेगवेगळ्या फोनवर तेच इमोजी वेगळं दिसतं, ही आणखी भर.

पूर्णविरामाची गोष्ट याहून मजेशीर आहे. २०१५ च्या सुमारास अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले. मेसेजमधल्या एकाच शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला, तर ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तोच मजकूर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दिला, तेव्हा पूर्णविरामाने काही फरक पडला नाही. तरुणांनी आणि मोठ्यांनी एकमेकांचे मेसेज उलटे वाचण्यामागे हे एक कारण आहे. शाळेत शिकवलं तसं ‘बरं.’ लिहिणाऱ्याला आपण शुद्ध लिहिलं असं वाटतं आणि वाचणाऱ्याला दार आपटल्याचा आवाज येतो. ‘होऽऽ’ मधली लांबण, अर्धवट सोडलेलं वाक्य, मुद्दाम गाळलेला पूर्णविराम ही सगळी आवाजाची लेखी सोंगं आहेत. मेसेजच्या भाषेने शुद्धलेखन बुडालं म्हणून गळा काढणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. ब्रिटनमध्ये दहा-बारा वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत तर असली संक्षिप्त रूपं सराईतपणे वापरणारी मुलं वाचनात पुढे असल्याचं दिसलं होतं. त्यावर जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मग मेसेज चांगला कुठे? जिथे दुरुस्तीची गरजच कमी, तिथे तो बोलण्यापेक्षा सरस आहे. पत्ता, वेळ, यादी, औषधाचं नाव, खाते क्रमांक. हे फोनवर सांगणं म्हणजे चुकायला आमंत्रण. लिहिलेलं पुन्हा वाचता येतं, शोधता येतं, पाठवायच्या आधी खोडता येतं. रागाच्या भरात तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही. टाइप केलेलं निदान पाठवायच्या आधी तरी पुसता येतं. अडखळत बोलणारे, चारचौघांत गप्प होणारे, नवी भाषा शिकणारे या सगळ्यांना ही उसंत मोलाची आहे.

आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तर हे साधन म्हणजे उशिरा मिळालेला न्याय आहे. ज्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८७६ मध्ये टेलिफोनचं पेटंट घेतलं, त्यांच्या आईला ऐकू येत नव्हतं आणि पत्नीलाही. पण टेलिफोन कर्णबधिरांच्या काही उपयोगाचा नव्हता. उलट, सगळं जग फोनवर गेलं तसे ते मागे पडत गेले. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या स्वतः कर्णबधिर असलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने टंकलेखी यंत्रं टेलिफोनला जोडायची युक्ती काढली, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी. ती यंत्रं अवजड आणि महागडी होती. साध्या मेसेजमुळे पहिल्यांदाच असं झालं, की ऐकू येणारे आणि न येणारे एकच साधन, एकाच पद्धतीने, खिशातून काढून वापरू लागले. मेसेजमुळे संवाद संपला असं सरसकट म्हणणाऱ्यांच्या नजरेसमोर ही माणसं बहुधा नसतात.

नुसती विचारपूसही कमी लेखू नये. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की बऱ्याच दिवसांनी कुणाला ‘कसा आहेस?’ एवढं लिहिलं, तरी त्याला किती बरं वाटेल याचा आपला अंदाज कमीच असतो. पण आधार द्यायची वेळ आली की आवाजाला पर्याय नाही. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात साडेसात ते बारा वर्षांच्या मुलींना आधी ताण येईल अशा चाचणीला बसवलं. मग काही जणी आईला भेटल्या, काही फोनवर बोलल्या, काहींनी मेसेजवर गप्पा मारल्या, काहींचा संपर्कच झाला नाही. भेटलेल्या आणि फोनवर बोललेल्या मुलींच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक उतरलं आणि जवळीक वाटायला लावणारं ऑक्सिटोसिन वाढलं. मेसेजवाल्या मुलींची स्थिती संपर्कच न झालेल्या मुलींसारखीच राहिली. आई तीच होती, धीर देणारी. अभ्यास छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. तरी मुलाचा रडवेला मेसेज आला तर उत्तर टाइप करत बसू नये, इतकं त्यातून नक्की घेता येईल.

मग माणसं फोन का करत नाहीत? अवघडलेपणाच्या भीतीने. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०२१ मध्ये दाखवलं, की जुन्या ओळखीच्या माणसाशी बोलायला आवाजापेक्षा ईमेल बरा, असं लोकांना वाटतं. कारण बोलताना विचित्र वाटेल. प्रत्यक्षात बोललेल्यांना तसं काही विचित्र वाटलं नाही आणि जवळीक मात्र जास्त वाटली. व्हॉइस मेसेज हा यातला मधला रस्ता. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ मध्ये सांगितलं, की त्यांच्याकडे दिवसाला सरासरी ७ अब्ज व्हॉइस मेसेज जातात. यात सूर परत येतो, पण दुरुस्ती येत नाही. पाच मिनिटं कुणीच अडवत नाही म्हणून बोलणारा वाहवत जातो, आणि ऐकणारा दुप्पट वेगाने ऐकतो.

राहिला खाली माना घातलेल्या चौघांचा प्रश्न. टेबलावर फोन नुसता पडून असला तरी जवळीक कमी होते, असा एक प्रयोग २०१३ मध्ये खूप गाजला. नंतर तो पुन्हा करून पाहणाऱ्यांना तसा परिणाम दिसला नाही, म्हणून त्यावर फार भर देऊ नये. २०१८ मध्ये तीनशेहून अधिक लोकांना मित्र आणि घरच्यांसोबत जेवायला बसवून केलेल्या प्रयोगात फोन जवळ असलेल्यांना भेटीचा आनंद थोडा कमी मिळाला. थोडाच. मला याहून पटतो तो फोनशी काही संबंध नसलेला २००० सालचा प्रयोग, कॅनडातल्या जॅनेट बाव्हेलास आणि सहकाऱ्यांचा. एकाने आपण थोडक्यात कसे वाचलो याची गोष्ट सांगायची, दुसऱ्याने ऐकायची. पण काही ऐकणाऱ्यांना गुपचूप एक काम दिलं होतं: ठराविक अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबा. ते शब्द ऐकत होते, गोष्ट ऐकत नव्हते. चेहऱ्यावर ‘बाप रे’ उमटत नव्हतं. परिणाम असा, की सांगणाऱ्यांची गोष्टच बिघडली. शेवटाशी ते अडखळले, तेच तेच सांगू लागले, आपली गोष्ट थरारक का आहे याची सफाई देऊ लागले. फोनकडे पाहत ‘ऐकतोय, बोल तू’ म्हणणारा खरोखर ऐकत असेलही. तरी त्याच्या चेहऱ्यावरून मिळणाऱ्या खुणा बंद झालेल्या असतात आणि सांगणारा त्याच्यासमोरच निष्प्रभ होत जातो. ‘तुझ्याशी बोलण्यात मजा नाही’ असं मग दोघांनाही वाटतं.

रोजच्या वापरात मी एकच खूण पाळायला सांगेन. आधीच्या मेसेजचा अर्थ समजावणारा मेसेज लिहायची वेळ आली, ‘माझं म्हणणं तसं नव्हतं’ असं टाइप करायला घेतलं, की तिथे थांबून फोन लावावा. दुरुस्तीची गरज सुरू झाली आहे आणि हातातलं साधन त्या कामाचं नाही. भाड्याचा हिशोब लिहावा, भाडं का थकलं हे बोलावं. भेटीची वेळ लिहून ठरवावी, भेट का टाळली हे सांगायला आवाज वापरावा.

फक्त हल्ली अचानक आलेला फोनही धडकी भरवतो, कारण साध्या कामाचे फोन मेसेजमध्ये गेले आणि उरले ते बहुतेक गंभीर. म्हणून फोनच्या आधी मेसेज टाकायची पद्धत रुळली, आणि ती चांगलीच आहे. पण नुसतं ‘फोन कर’ असं पाठवलं, तर वाचणाऱ्याच्या मनात फोन लागेपर्यंत कुणीतरी दवाखान्यात पोहोचलेलं असतं. त्यापुढे ‘काही विशेष नाही, सहज’ एवढं जोडायला तीन-चार सेकंद लागतात.